सान क्लेमेंतेचं तळघर, आणि रोम नक्की कुणामुळे बुडालं?

नाणेघाट (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०.४०

गेल्या ऑक्टोबरात चार दिवस रोमला होतो. कोलोसियमची रांग बघूनच पायांनी संप पुकारला. सौ. म्हणाली, जवळपास सावलीत कुठेतरी टेकू. म्हणून दोन गल्ल्या ओलांडून सान क्लेमेंते नावाच्या चर्चमध्ये शिरलो. बाहेरून इतकं साधं की पाटी नसती तर पुढे निघून गेलो असतो.

वरचं चर्च बाराव्या शतकातलं. छतावर सोनेरी मोझेक, त्यात क्रूसाला वेलीसारख्या फांद्या फुटलेल्या. तिकीट काढून जिना उतरलं की खाली दुसरं चर्च, चौथ्या शतकातलं. आणखी एक जिना उतरलं की पहिल्या शतकातली इमारत, अरुंद बोळ, आणि मिथ्र देवाचं ठाणं. दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मधे वेदी, वेदीवर बैलाचा बळी देणारा मिथ्र. ओट्यांवर भक्तांची पंगत बसायची म्हणे, फक्त पुरुषांची. कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज सतत येत असतो. १८५७ साली तिथल्याच एका आयरिश धर्मगुरूने खणायला घेतलं, तोवर पायाखाली एवढं सगळं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तर त्या ओट्याशेजारी उभा असताना शाळेतलं उत्तर आठवलं. 'रोमन लोक चैनीत लोळू लागले, रानटी टोळ्या आल्या, इ. स. ४७६ मध्ये साम्राज्य कोसळले.' दोन गुण. पुढे कॉलेजात गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास हाती लागला (पहिला खंड १७७६ चा, सगळे सहा वाचलेत असा दावा नाही). त्याने खापराचा मोठा तुकडा ख्रिस्ती धर्माच्या डोक्यावर ठेवला: शौर्याची जागा सोशिकपणाने घेतली, सैन्याचा पैसा चर्चकडे गेला, तरणीताठी माणसं मठात जाऊन बसली. बरीच वर्षं मलाही ते पटत होतं. आता पटत नाही. का, ते सांगतो.

ख्रिस्ती माणसं रोमन सरकारला पहिल्यांदा नीट दिसतात ती एका अधिकाऱ्याच्या पत्रात. इ. स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकडच्या भागाचा सुभेदार होता. त्याने सम्राट ट्राजनला विचारलं, या लोकांचं करायचं काय? शहरंच काय, खेड्यापाड्यांतही लागण पोचली आहे, देवळं ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. (म्हणजे खाटकांची तक्रार धर्ममार्तंडांच्या आधी पोचली असणार असा माझा कयास.) ट्राजनचं उत्तर अगदी मुरलेल्या प्रशासकाचं: शोधत फिरू नका, कुणी समोर आणून आरोप सिद्ध केला तर शिक्षा करा, निनावी अर्ज अजिबात घेऊ नका.

पुढची शंभरेक वर्षं असंच चाललं. कुठे दंगल, कुठे छळ, बाकी दुर्लक्ष. चित्र बदललं ते तिसऱ्या शतकात. २३५ ते २८४ या पन्नासेक वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले आणि बहुतेक सगळे मारले गेले, पुष्कळदा आपल्याच सैन्याकडून. त्यातला एक डेशियस. त्याला वाटलं, देव कोपलेत. २४९ च्या शेवटी त्याने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा, नैवेद्य चाखावा आणि समितीकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. मजकूर सगळ्यांचा ठरीव: 'मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आताही तुमच्या समक्ष दिला.' त्यातला एक अर्ज ऑरेलिया अम्मोनूस या बाईचा आहे. ही पेतेसूखोस या मगर-देवाची पुजारीण! तिलाही मी देव मानते हे कागदावर आणावं लागलं.

२६० मध्ये तर सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. ख्रिस्ती तेव्हा किती होते? मूठभर. सैन्यात नगण्य. मग त्या वेळी साम्राज्य कुणी पोखरलं?

माझं म्हणणं एवढंच की दुखणं आधीचं आहे. हा धर्म वाढला तो दुखणाईत घरात, त्याने घर दुखणाईत केलं नाही. पण मग एक प्रश्न उरतो. ४१० मध्ये गॉथ टोळीच्या अलारिकने रोम लुटलं तेव्हा तिथल्याच लोकांनी दोष ख्रिश्चनांना दिला. इतका की ऑगस्टीन या बिशपला उत्तरादाखल तेरा वर्षं खपून बावीस खंडांचा ग्रंथ लिहावा लागला. धूर निघाला तो आगीशिवाय का? जाणकारांनी लिहावं.

शेवगा | मंगळवार, रात्री ११.१५

पहिला मीच. मगर-देवाच्या पुजारणीवर जीव जडला आहे. आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देतो तेव्हा समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, तेच त्या समितीच्या चेहऱ्यावर असणार. वाचतोय.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७.५०

उत्तम धागा. मी धर्मातला नाही, वह्यांतला माणूस. म्हणून नाण्यांवरून बोलतो.

ऑगस्टसच्या काळी दिनारियस या नाण्यात जवळजवळ ९८ टक्के चांदी होती. नीरोने पहिली ठळक काटछाट केली. तिसऱ्या शतकात सैन्याचे पगार वाढवत न्यायचे (न वाढवले तर सम्राटाचाच मुडदा) आणि खजिन्यात तेवढी चांदी नाही, मग नाण्यात तांबं घाला. २६० च्या दशकाअखेर जे मुख्य नाणं चालत होतं त्यात चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली. वर नुसता मुलामा. बाजार मूर्ख नसतो, भाव चढले. ३०१ मध्ये डायोक्लेशियनने शेकडो वस्तू आणि मजुऱ्यांचे कमाल दर दगडावर कोरून लावले, जास्त घेणाऱ्याला देहदंड. माल बाजारातून गायब. हे करणारा सम्राट ख्रिस्ती नव्हता. उलट दोनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी ३०३ रोजी, निकोमीडियाचं चर्च पाडून सगळ्यात मोठा छळ त्यानेच सुरू केला.

आणि नाणं सावरलं कुणी? ख्रिस्ती धर्माला जवळ करणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनने. सोन्याचा सॉलिडस, एका रोमन पौंडात ७२, वजन साधारण साडेचार ग्रॅम. सोनं आणलं कुठून, तर बरंचसं जुन्या देवळांच्या भांडारांतून. ते नाणं पुढे सातशे वर्षं फारसं भ्रष्ट न होता चाललं. गिबनसाहेबांच्या हिशेबात ही जमेची नोंद मला तरी सापडली नाही.

रच्याकने, प्रसाराचाही हिशेब मांडता येतो. एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अंदाज केला होता: इ. स. ४० मध्ये हजार माणसं धरा, ३०० मध्ये साठेक लाख धरा, तर वाढ पडते दशकाला ४० टक्के. म्हणजे दर साल दर शेकडा ३.४२. बचत खात्याचा दर हो! चमत्कार बिमत्कार लागत नाही, चक्रवाढ पुरते.

तिरकीमांडी | बुधवार, सकाळी ११.०५

हिशेबनीस, दर कळला. पण खात्यात पैसे टाकत कोण होतं? बायका. यावर कुणीच का बोलत नाही?

इ. स. पू. १ मधलं एक पत्र आहे, इजिप्तमध्येच सापडलेलं. हिलारियन नावाचा माणूस अलेक्झांड्रियात कामाला गेलाय, बायको आलिस गावी गरोदर. तो लिहितो, काळजी करू नकोस, पगार झाला की पाठवतो, आणि बाळंत झालीस तर मुलगा असेल तर राहू दे, मुलगी असेल तर टाकून दे. पुढे लिहितो, तू मला विसरू नकोस म्हणालीस, तुला कसा विसरेन? खलनायक नाहीये तो. प्रेमळ नवरा आहे. म्हणूनच वाचताना पोटात गोळा येतो. ती पद्धत होती, कायद्याला मान्य. ख्रिस्ती मंडळींनी मूल टाकणं पाप ठरवलं, आणि विधवेला पुन्हा लग्नाची घाई न करता जगायची सोय करून दिली. २५१ मधलं रोमच्या बिशपचं पत्र आहे, त्यात चक्क यादी: ४६ धर्मगुरू, ७ डीकन, आणि चर्च पोसत असलेल्या विधवा व गरजू मिळून १५०० च्या वर. अर्धंमुर्धं बेकायदा असलेल्या संस्थेच्या पदरी दीड हजार माणसं!

दुसरं, साथी. १६५ पासून एक मोठी साथ, मग २४९ च्या पुढे दहाबारा वर्षं दुसरी. अलेक्झांड्रियाचा बिशप लिहितो की आमची माणसं रोग्यांची सेवा करत मेली, बाकीचे आपल्या आजाऱ्यांना रस्त्यावर ढकलत होते. आता हा आपल्याच संघाचा समालोचक, थोडं कमी करून घ्या. पण साध्या पाणी-पेजेने पुष्कळ रोगी वाचतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाचलेला माणूस कुणाच्या पंगतीला जाऊन बसेल?

आणि समालोचक नको असेल तर विरोधकाची साक्ष घ्या. ३६१ मध्ये सम्राट झालेला जुलियन हा ख्रिस्ती वळणात वाढून जुन्या देवांकडे परतलेला. तो आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही पोसतात, आणि आपण काय करतोय? मग त्याने देवळांमार्फत धान्यवाटप सुरू करायला सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता, आणि गडी दोन वर्षांत इराणच्या मोहिमेत गेला.

शेवगा | बुधवार, सकाळी ११.२०

हिलारियनचं पत्र वाचून आता दुपारचं जेवण जाणार नाही. +१ तरी कसं म्हणू.

जुनी चावडी | बुधवार, दुपारी ४.३०

चर्चा गोड होत चालली आहे, म्हणून जरा मीठ टाकतो. प्रेम, सेवा, विधवा, सगळं मान्य. ३१३ पर्यंतचं. पुढचं कोण सांगणार?

३१३ ला मिलानचा करार, सगळ्यांना पूजेची मोकळीक. २७ फेब्रुवारी ३८० ला सम्राट थिओडोसियसचं फर्मान: अमुक पद्धतीचा ख्रिस्ती धर्म तोच खरा, बाकीचे ख्रिस्तीसुद्धा पाखंडी. ३९१-९२ मध्ये बळी बंद, देवळात जाणं बंद. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं भव्य देऊळ जमावाने पाडलं, हाताशी सरकार होतंच. ४१५ ला त्याच शहरात हायपेशिया या गणित शिकवणाऱ्या विदुषीला जमावाने चर्चमध्ये ओढत नेऊन मारलं. ३८५ ला तर प्रिस्किलियन या ख्रिस्ती बिशपलाच ख्रिस्ती सम्राटाने मारवलं, आरोप जादूटोण्याचा, मूळ भांडण मतांचं. मिलानच्या करारापासून मोजा: ७२ वर्षं. (तूरचा बिशप मार्टिन आणि मिलानचा बिशप अँब्रोज यांनी याचा निषेध केला होता हेही नोंदवतो, नाहीतर अन्याय होईल.)

मला सगळ्यात लागतं ते सिम्मॅकसचं. रोमच्या सिनेट-सभागृहात विजयदेवतेची वेदी होती, सभासद आत शिरताना तिच्यावर धूप घालत. ३८२ ला ती हलवली. ३८४ ला रोमचा नगरप्रमुख सिम्मॅकसने सम्राटाला अर्ज केला की ती परत ठेवा. सम्राट कोण, तर बारा-तेरा वर्षांचा पोरगा. अर्जात तो म्हणतो, आपण सगळे त्याच ताऱ्यांकडे बघतो, आकाश एकच आहे, मग सत्याकडे कोण कुठल्या वाटेने जातो याने काय बिघडतं? एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच रस्त्याने पोचता येत नाही. 'एकं सत्' ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून गलबलतं. अँब्रोजने विरोध केला, अर्ज फेटाळला.

तेव्हा प्रसार झाला तो फक्त पेजेने नाही. पुढे फर्मानानेही.

नाणेघाट | बुधवार, रात्री ९.००

चावडी, मुद्दा बिनतोड. लेखात ३१३ च्याही आधी थांबलो ही माझी पळवाट होती. पहिली तीनशे वर्षं माणसांनी माणसांना ओढलं आणि ३८० नंतर सरकारने ढकललं, हे दोन वेगळे प्रवास आहेत. मधली साठसत्तर वर्षं मात्र गमतीची. कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो मरणाच्या दारात, ३३७ ला. जुन्या धर्माचं 'पोंतिफेक्स माक्सिमुस' हे मुख्य पुरोहितपद त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. ३१५ च्या त्याच्या कमानीवर कोरलंय की हा विजय 'दैवी प्रेरणेने' मिळाला. कुठल्या देवाच्या, ते लिहिलेलंच नाही! ज्याने त्याने आपापला समजावा. ३२१ ला रविवारची सुट्टी दिली तीही 'सूर्याचा पूज्य दिवस' म्हणून. मुरब्बी माणूस.

अवांतर: ख्रिस्ती नसलेल्यांना 'पेगन' म्हणतात त्या पागानुस शब्दाचा मूळ अर्थ खेडवळ. धर्म शहरांत आधी पसरला, गावं मागून आली.

चहाटळ | बुधवार, रात्री ९.४०

म्हणजे २५ डिसेंबर पण ढापलेला ना? व्हॉट्सॲपवर आलंय, सॅटर्नेलिया या जुन्या रोमन सणाच्या दिवशी नाताळ ठेवला म्हणून.

जुनी चावडी | बुधवार, रात्री १०.१०

सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ ला संपायचा, २५ ला नव्हे. सूर्यदेवाचं म्हणाल तर सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये त्याचं मोठं देऊळ बांधलं, पण २५ डिसेंबर हा सूर्याचा जन्मदिवस आणि ख्रिस्ताचा जन्मदिवस, दोन्ही नोंदी आपल्याला सापडतात त्या ३५४ च्या एकाच पंचांगात. कुणी कुणाचा ढापला हे त्यावरून ठरत नाही. मी चर्चचा वकील नाही, पण व्हॉट्सॲपचा त्याहून नाही.

कडवा_हापूस | बुधवार, रात्री ११.३०

या सगळ्याचा आपल्या देशात आज जे चाललंय त्याच्याशी थेट संबंध आहे. लोकांनी डोळे उघडावेत...

नाणेघाट | गुरुवार, सकाळी ६.४५

हापूस, तुमचा वेगळा धागा काढा, मी येऊन वाचेन. इथे चौथं शतक चालू आहे, पाचव्यात जायचंय.

मिरवेल | गुरुवार, सकाळी १०.२०

पाचव्यात मी नेतो, कारण मिरी आली!

४१० च्या लुटीआधी अलारिकने ४०८ ला रोमला वेढा घातला. उठवायचं मोल: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० किरमिजी कातडी आणि ३,००० पौंड मिरी. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास एक टन मिरी. मलबारची. डॅन्यूबकाठच्या गॉथ सरदाराला मिरीची चटक लागली होती, यातच रोमने त्यांना किती 'आपलंसं' केलं होतं ते आलं.

खंडणी भरायला सोनं कमी पडलं तेव्हा रोमकरांनी देवांच्या मूर्ती वितळवल्या. त्यात शौर्यदेवतेचीही होती. जुन्या धर्माचा अभिमानी इतिहासकार झोसिमस लिहितो की तिच्याबरोबर रोमचं उरलंसुरलं शौर्यही गेलं. त्याच वेढ्यात काही एट्रुस्कन ज्योतिषी म्हणाले, आम्ही विधी करून वीज पाडतो, शत्रू पळेल. तोच झोसिमस म्हणतो की पोप इनोसंटने गुपचूप करायला हरकत घेतली नाही! पण ज्योतिष्यांची अट होती की सिनेटने उघडपणे कॅपिटोल टेकडीवर चढून विधी करावा. ती हिंमत कुणालाच झाली नाही.

आणि अलारिक 'रानटी' वगैरे ठीक, पण तो ख्रिस्ती होता, एरियन पंथाचा (येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या). २४ ऑगस्ट ४१० ला शहर लुटलं तेव्हा पीटर आणि पॉलच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना हात लावायचा नाही असा हुकूम होता. म्हणजे ख्रिस्ती राजवटीचं शहर ख्रिस्ती फौजेने लुटलं, आणि भांडण चाललं होतं ज्युपिटर रागावला का यावर.

अवांतर: या व्यापाराचा आपल्याकडचा धागाही पक्का आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत पैठण, तेर, कल्याण, सोपारा ही नावं आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे, बघितली नसेल तर बघा. आणि सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो की 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असतो. हे आपलं कल्याणच, असं बहुतेक अभ्यासक धरतात. फास्ट लोकल पकडताना आठवा.

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी १.१५

मिरवेल, झकास. आता मूळ प्रश्नाला माझं उत्तर. ४१० हा अपमान होता, दिवाळं नव्हे. दिवाळं ४३९ ला निघालं.

त्या वर्षी व्हँडल टोळीचा राजा गायसेरिकने कार्थेज घेतलं. आजचं ट्युनिशिया-अल्जीरिया म्हणजे पश्चिम साम्राज्याची दुभती गाय. रोमचं धान्य, तेल आणि मुख्य म्हणजे बिनलढाईचा, भरवशाचा महसूल तिथून यायचा. ती गेली आणि पाच वर्षांत, ४४४ ला, सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा कायद्याच्या मजकुरातच कबूल करतो की जमा महसुलात नवी भरती सोडाच, जुन्या सैनिकांनाही अन्नवस्त्र पुरत नाही. कर नाही, म्हणून फौज नाही. फौज नाही म्हणून आणखी प्रांत गेले, आणि त्यांच्यासोबत आणखी कर. ४६८ ला पूर्वेकडच्या अर्ध्या साम्राज्याने (राजधानी कॉन्स्टँटिनोपल) प्रचंड आरमार पाठवून कार्थेज परत घ्यायचा प्रयत्न केला, गायसेरिकने पेटती जहाजं सोडून तो जाळला. ४७६ ला ओडोआकर या सेनानायकाने पोरसवदा सम्राट रोम्युलसला घरी बसवलं तेव्हा खात्यात काही उरलंच नव्हतं, फक्त खातं बंद केलं.

आता गिबनची परीक्षा घेऊ. धर्माने राज्य बुडत असेल तर आधी पूर्व बुडायला हवी होती. ख्रिस्ती वस्ती तिकडे जास्त, संन्यासी तिकडे जास्त, धर्मावरून डोकेफोड तर तिकडेच. पण कॉन्स्टँटिनोपल उभं राहिलं १४५३ पर्यंत, पश्चिमेनंतर ९७७ वर्षं. कारण? इजिप्तचं धान्य सुरक्षित, खजिना शाबूत, आणि ४१३ च्या सुमाराला बांधून झालेली तटबंदी.

गिबनला एका बाबतीत थोडे गुण देईन. कॉन्स्टंटाइनने धर्मगुरूंना नागरी कर्तव्यांतून सूट दिली. तेव्हा गावच्या पंचांना कराची तूट पदरची भरावी लागायची. त्यांची एकदम धर्मगुरू व्हायला झुंबड उडाली. इतकी की पैसेवाल्यांना धर्मगुरू होता येणार नाही, असा कायदा त्यालाच करावा लागला. सवलत दिसली की माणूस भक्तिमान होतो, हे मी तीस वर्षं रोज ऑफिसात बघतोय.

खाडीपल्याड | गुरुवार, रात्री ८.५०

मी वसईचा, घर ख्रिस्ती. तीन दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही.

माझी आजी निरक्षर. पण व्हॅटिकनच्या साठच्या दशकातल्या सुधारणांआधी मिस्सा लॅटिनमध्ये असायचा आणि फादर 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणाले की ती खणखणीत उत्तर द्यायची, 'एत् कुम स्पिरितू तुओ'. अर्थ ठाऊक नाही, उच्चार आमच्या बोलीतला. रोम पडून पंधराशे वर्षांनी वसईच्या शेतकरीणबाई रोमची भाषा बोलत होत्या! सिनेट गेली, सैन्य गेलं, भाषा मिस्साच्या खांद्यावर बसून इथवर आली. (पोर्तुगीज गलबतातून, ते वेगळं.)

आमचा वसई धर्मप्रांत १९९८ ला मुंबईतून वेगळा झाला. धर्मप्रांताला इंग्रजीत डायोसीज म्हणतात. हा शब्द त्या छळ करणाऱ्या डायोक्लेशियनच्या नावावरून आला ना? त्यानेच साम्राज्याचे असे बारा भाग केले होते असं वाचलं.

जुनी चावडी | गुरुवार, रात्री ९.२०

नावावरून नाही, योगायोग आहे. मूळ ग्रीक 'डिओइकेसिस', घरकारभार. त्यातला 'ओइकोस' म्हणजे घर. पण बारा भाग त्याचेच हे बरोबर, आणि प्रत्येकावर जो अधिकारी त्याला विकारियुस म्हणत. तुमचा 'व्हिकार' तिथलाच. म्हणजे चर्चने छळणाऱ्याचा नकाशा, हुद्दे, सगळं फर्निचर जसंच्या तसं घेतलं. 'बॅसिलिका' ही सरकारी कचेरी-कम-कोर्टाची इमारत होती. विजयदेवतेची वेदी जिथे होती ते सिनेटचं सभागृहही ६३० ला चर्च झालं, म्हणूनच आज उभं आहे. पँथिऑनचं तेच, ६०९ ला. जी देवळं चर्च झाली नाहीत त्यांचा दगड चुनाभट्टीत गेला. मी कालपासून एवढा कडाडतोय, पण हे मान्य करावं लागतं.

खाडीपल्याड | गुरुवार, रात्री ९.४५

धन्यवाद चावडी. घरकारभार हा अर्थ मला नावापेक्षा जास्त आवडला. आमचा बिशपही अर्धा वेळ शाळा, पाणी, जमिनीचे तंटे यातच असतो.

पाचव्या शतकात फ्रान्समध्ये सिदोनियुस म्हणून एक बडा जमीनदार होता, एका सम्राटाचा जावई, ४६८ ला रोमचा नगरप्रमुख. दोनेक वर्षांत तोच क्लेरमाँचा बिशप झाला आणि गॉथांच्या वेढ्यात शहराची बाजू सांभाळू लागला. सम्राटाकडून मदत येईना, शेवटी ४७५ ला सम्राटानेच तो मुलूख परस्पर गॉथांना देऊन टाकला. रोमलाही पुढे ग्रेगरी आधी नगरप्रमुख, मग ५९० ला पोप. सिसिलीतल्या चर्चच्या शेतांचं धान्य आणून त्याने शहर जगवलं. एकाच टेबलावरची माणसं, फक्त पाटी बदलली.

आणि डायोक्लेशियनची कबर! स्प्लिटला, क्रोएशियात, त्याच्या राजवाड्यात आहे. सातव्या शतकात तिचं कॅथेड्रल केलं. कुणाच्या नावाने, तर संत डॉम्नियुस, जवळच्याच सलोनाचा बिशप, डायोक्लेशियनच्याच छळात मारला गेलेला. सम्राटाच्या शवपेटीचा पत्ता नाही.

तिरकीमांडी | गुरुवार, रात्री १०.०५

काटा आला.

शेवगा | शुक्रवार, सकाळी ८.३०

सगळं वाचलं, दोनदा. धागाकर्त्यांना एकच शंका. त्या सान क्लेमेंतेच्या तळघरात पाण्याचा आवाज येतो म्हणालात, ते पाणी जातं कुठे? सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गळती आहे, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

नाणेघाट | शुक्रवार, सकाळी ९.१०

शेवगाशेठ, हे मीही तिथे विचारलं होतं. उत्खननानंतर मिथ्राचं ठाणं वारंवार पाण्याखाली जायला लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या आयरिश मंडळींनी सरळ बोगदा खणला आणि ते पाणी कोलोसियमच्या बाजूने नेऊन क्लोआका माक्सिमाला जोडलं. क्लोआका म्हणजे रोमचं राजेशाहीच्या काळातलं गटार, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. अजून चालू आहे.